हरभऱ्याच्या मुळावरच्या गाठी

ही गोष्ट सांगायचं मी वर्षानुवर्षं टाळलं. नातवंडांनी गावाकडचं काही सांगा म्हटलं की मी बैलांचं सांगायचो, कांद्याच्या राशींचं सांगायचो आणि हरभऱ्यापाशी आलो की उठून पाणी प्यायला जायचो. आता आई नाही, दादा नाही, वहिनीही नाहीत. ज्यांच्यासमोर बोलायला हवं होतं त्यातलं कुणी उरलं नाही, तेव्हा कुठे लिहायला बसलोय.

सत्तरचं दशक संपत आलं होतं. मी पिंपरीत औषधांच्या एका कारखान्यात कामाला होतो. मोठ्या टाक्यांमध्ये बुरशी वाढवायची, तिला साखर आणि हवा पुरवायची, टाकी तापू द्यायची नाही, हे माझं काम. राहायला काळेवाडीत पत्र्याची खोली. आमचं गाव चाकणच्या पुढे. तिथे आई, थोरला दादा आणि वहिनी. कंपनीत जंतू पाळतो म्हणून गावात माझी थट्टाही व्हायची आणि थोडा मानही होता. मला तो मान आवडायचा.

दादाने ओढ्यापलीकडचा माळाचा तुकडा नुकताच नांगराखाली आणला होता. पांढुरकी, निकस माती. बाजरी केली तर गुडघ्याच्या वर जाईना. त्या वर्षी तो म्हणाला, हरभरा करून बघू. मी लगेच पुढे झालो. पुण्यात शेतकी खात्याकडे जिवाणूंची पाकिटं मिळत. ओट्यावर बसून मी त्याला समजावलं, "हवेत नत्र भरपूर असतो दादा, पण झाडाला तो घेता येत नाही. हे जिवाणू मुळांवर गाठी करून राहतात. हवेतला नत्र धरून झाडाला देतात, झाड त्यांना साखर देतं. पीक निघालं की मुळं तिथेच कुजतात, म्हणजे पुढच्या बाजरीलाही आयतं खत."

"म्हंजी त्या तुकड्याला शेणखत न्हाई घातलं तरी चालंल?"

"चालेल की."

इतकं ठासून सांगायची काही गरज नव्हती. दादाने उकिरड्यातलं सगळं खत कांद्याला नेलं.

पाकिटं मी दसऱ्याच्या आधीच आणली. लगेच गावी न्यायची होती. पण दिवाळीच्या तोंडावर ओव्हरटाइम सुरू झाला, आणि एकेक रविवार जात राहिला. पाकिटं माझ्या खोलीत माळ्यावर पडून होती, पत्र्याच्या अगदी खाली. ऑक्टोबरात दुपारी त्या पत्र्याला हात लावता यायचा नाही. पाकिटावर ‘थंड जागी ठेवा’ असं छापलेलं होतं. मी ते वाचलं होतं. कारखान्यात टाकी जराशी तापली की जेवण टाकून धावणारा मी, घरच्या माळ्याकडे एकदाही मान वर करून पाहिलं नाही.

दिवाळीनंतर पाकिटं घेऊन गेलो. अंगणात वहिनींनी घमेल्यात हरभरा ओतला, मी सांगितल्याप्रमाणे गुळाचं पाणी करून गार केलं आणि त्यात पाकिटांतली काळी भुकटी कालवली. कोपरापर्यंत हात काळे झाले.

"भावजी, बियाला काजळ लावताय व्हय? दिष्ट लागू नये म्हणून?"

"वहिनी, जिवंत आहेत ते. दिसत नाहीत एवढंच."

"आन् गूळ कशापायी?"

"त्यांना खायला. आणि भुकटी बियाला चिकटायलाही."

"बरं हाय की. पाव्हणं आलं म्हंजी गूळपाणी द्यायाच पायजे." असं म्हणून त्या हसल्या आणि तान्ह्या पोराच्या अंगाला तेल लावावं तशा हलक्या हाताने बी चोळत राहिल्या. मग सावलीत गोणपाटावर पसरलं. मध्येच कोंबडी आली तर तिला म्हणाल्या, "अगं, पाव्हणं हायेत त्यात, खाऊ नगं."

आमच्याकडे पाभरीच्या चाड्यावर बी सोडायचा मान घरच्या सुनेचा. पाभर म्हणजे बैलांनी ओढायचं पेरणीचं अवजार आणि चाडं म्हणजे तिच्यावरची लाकडी वाटी. त्यात मुठीतून बी सोडत मागून चालायचं. लग्न होऊन आल्यापासून ही मूठ वहिनींची होती. त्यांचं बी कुठे दाट नाही, कुठे विरळ नाही. आळीतल्या बायका आपल्या पेरणीला त्यांना बोलावून न्यायच्या. मूल होत नाही म्हणून आई त्यांना येताजाता बोलायची, पण पेरणीच्या दिवसांत तिचाही सूर बदलायचा. त्या घरात वहिनींना ताठ मानेने उभं राहायला जागा होती ती त्या पाभरीमागे.

हरभरा उगवला, पण वितीएवढा होऊन थांबला. पिवळा पडला. मी गावी गेलो तेव्हा सगळे मला तुकड्यावर घेऊन गेले. मी एक रोप हलक्या हाताने उपटलं, ओढ्यात मुळं धुतली. दुसरं उपटलं. तिसरं. मुळं पांढरी, स्वच्छ, केसासारखी. एकाही मुळावर गाठ नव्हती. माझ्या डोळ्यांसमोर माझा माळा आला, वरचा तापलेला पत्रा आला, आणि सगळं लक्षात आलं. आम्ही त्या मातीत मेलेले जिवाणू पेरले होते.

"काय झालं रं?" दादाने विचारलं.

मी उत्तर देण्याआधीच आई बोलली, "त्याला काय इचारतूस? मला इचार. पेरणीच्या दिशी ही भाईरची व्हती, शिवायची नव्हती. लपवलं आन् मूठ धरली. इटाळ झाला बियाला."

"न्हाई वो आत्याबाई. देवाशप्पथ न्हाई." वहिनींचा चेहरा लाल झाला. दीर समोर, नवरा समोर. असल्या गोष्टीवर बाईने याहून जास्त काय बोलायचं? त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मदत मागितली असं नाही म्हणणार. फक्त पाहिलं. माझ्या हातात ती धुतलेली मुळं होती.

मी म्हणालो, "कधी कधी जमिनीला मानवत नाही."

आईला तेवढं पुरलं. दादा बांधाकडे चालू लागला.

पुढच्या उन्हाळ्यात माझं लग्न झालं. त्यानंतरच्या हरभऱ्याला मी पाकिटं पेरणीच्या आदल्या दिवशी आणली. ओल्या फडक्यात गुंडाळून, मातीच्या मडक्यात ठेवून, एसटीत मडकं मांडीवर धरून नेली. बी चोळलं माझ्या नव्या नवरीने, आणि चाड्यावर मूठही तिचीच. वहिनी भाकरी घेऊन शेतात आल्या आणि बांधाच्या अलीकडेच थांबल्या. मग ओरडून माझ्या बायकोला म्हणाल्या, "मनगट सैल सोड, बाय. घाई करू नगं, बैलाच्या पावलानं चाल." त्यांनी तिला सगळं शिकवलं, बांध न ओलांडता.

हरभरा फोफावला. मुळांना जोंधळ्याएवढ्या गाठी, नखाने एखादी फोडली की आत गुलाबी. त्यानंतरची बाजरी खांद्याला लागली. माती मुठीत घेतली तर मऊ भुसभुशीत लागायची, तिला वासही आला होता. आई सगळ्यांना सांगायची, धाकट्या सुनेच्या हाताला यश हाय. आळीतल्या बायका पेरणीला आता माझ्या बायकोला न्यायला यायच्या. वहिनींना पुन्हा कुणी बोलावलं नाही.

ऐंशी सालानंतर कधीतरी वहिनी डोळ्यांच्या ऑपरेशनसाठी शहरात आमच्याकडे राहिल्या. दोन्ही डोळ्यांवर पट्टी होती. बायको बाजारात गेली होती आणि मी त्यांना चहा बशीत ओतून देत होतो. आता त्यांना माझं तोंड दिसत नाही, आता बोलता येईल, असं मनात आलं. "वहिनी," मी म्हणालो.

"बोला की, भावजी."

"तो माळाचा तुकडा..."

"लई ग्वाड झालाय आता," त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात माया होती. "तुमीच सुधारला त्यो."

मी बशी त्यांच्या हातात नीट दिली आणि कप विसळायला उठलो. त्यानंतर त्या बरीच वर्षं होत्या, आणि मी त्यांना बरेचदा भेटलोही.

वहिनी, पाकिटं माझ्या माळ्यावर उन्हाने मेली होती. मला त्याच दिवशी, ओढ्यावर, मुळं धुताना कळलं होतं. तुमच्या हातात काही दोष नव्हता. मला माफ करा.