कौलांचा कान

"बाई, आदी ऐकायचं, मग चढवायचं."

एवढं बोलून तात्या कौल वरच्या कडेला दोन बोटांत लोंबतं धरायचे, कानाजवळ न्यायचे, डोळे मिटायचे आणि बोटाच्या हाडाने त्यावर टक्कन मारायचे. चांगलं कौल खणखणीत बोलतं. चीर गेलेलं कौल बद्द वाजतं. ती चीर तुम्हाआम्हाला दिसत नाही, पावसाला मात्र बरोबर सापडते. म्हणून पावसाळ्याआधी कौलं उतरवायची, वाजवून बघायची आणि नीट पुन्हा बसवायची. याला आमच्याकडे शाकारणी म्हणतात आणि आमच्या खोऱ्यात शाकारणी म्हटलं की तात्याच. सगळं गाव त्यांना तात्या म्हणायचं, मीही त्यांचं नाव इथे तेवढंच ठेवते.

मी वेल्ह्याच्या अंगाला डोंगरातल्या एका गावात अंगणवाडी चालवते. तोंडाने फटकळ आहे, हे गावाने मान्य केलेलं आहे, तेव्हा तुम्हीही करा.

त्या वर्षी चैत्रात वरून पत्र आलं. अंगणवाडीचं छप्पर गळतं, पावसाळ्याआधी दुरुस्त झालं नाही तर मुलं ओढ्यापलीकडच्या अंगणवाडीत बसवा. कागदावर ओढा म्हणजे एक निळी रेघ असते. श्रावणात येऊन बघा म्हणावं! तीन वर्षांचं पोर तो ओलांडणार कसं? म्हणजे चार महिने माझी सोळा मुलं घरी बसणार. त्यातल्या निम्म्यांना दुपारचं गरम जेवण अंगणवाडीतच मिळायचं. मला रात्रंदिवस दुसरं काही सुचेना.

ग्रामपंचायतीत सरपंच म्हणाले, "पत्रे टाकू. कापूरहोळहून टेम्पो आला की एका दिवसात काम उरकतं." मी तर लगेच होकार द्यायला निघाले होते. तेवढ्यात तात्या उठले. त्यांना कुणी बोलावलं नव्हतं. बाहेर भिंतीला पत्र्याचा एक तुकडा टेकवलेला होता, तो त्यांनी आत आणून टेबलावर आडवा धरला आणि मावशींना खूण केली. मावशी म्हणजे त्यांची बायको. त्यांनी ओच्यातले मूठ मूठ हरभरे पत्र्यावर सोडायला सुरुवात केली.

"बोला आता सरपंच," तात्या म्हणाले.

सरपंच बोलले. बराच वेळ बोलले. एक अक्षर कुणाला कळलं नाही.

"ह्यो नुसता हरबरा हाय. आपल्या हितला पाऊस चार चार दिस असाच कोसळतो. लेकरास्नी बाईंची गोष्ट कशी ऐकू जायाची? कौलाखाली पाऊस पडतोय ते कळतं, पर बोलणं बुडत न्हाई."

सगळे हसले आणि ठरलं कौलांचं. खाली सांडलेले हरभरे मावशींनी वेचून पुन्हा ओच्यात घेतले.

कौलं विकत आणायची गरजच नव्हती. गावात ज्याने त्याने स्लॅबची घरं बांधली होती आणि उतरवलेली मंगलोरी कौलं परसात रचून ठेवलेली होती. तात्या आणि मी दारोदार हिंडलो. कुणी पन्नास दिली, कुणी तीस. तात्यांच्या वस्तीतल्या विहाराचीही जुनी कौलं आली. एका आजींनी पाच दिली आणि पाचही स्वतः डोक्यावर आणून पोचवली. तात्या प्रत्येक कौल कानाशी नेणार, डोळे मिटणार. माझा जीव वरखाली व्हायचा.

"अहो तात्या, मृग तोंडावर आलाय!"

मी असं पुढ्यात जाऊन ओरडले की ते नीट माझ्या तोंडाकडे बघायचे आणि म्हणायचे, "बाई, तुमी चुलीवरल्या दुदावानी हाय. जरा नजर हटली की उतू."

वासे शाबूत होते, रिपा, म्हणजे कौलं अडकवायच्या आडव्या पट्ट्या, नव्या घातल्या आणि वळचणीपासून वर कौलं चढू लागली. तात्या छपरावर, मावशी खालून कौलं देणार. मावशी त्यांना कधी हाक मारायच्या नाहीत. काही सांगायचं असलं की शिडीवर काठीने दोनदा ठोकायच्या, की तात्या खाली बघायचे. मी मनात म्हणायची, जुन्या वळणाची बाई, नवऱ्याला हाक कशी मारेल! मला त्याचं कौतुकच वाटायचं.

वैशाखात एका दुपारी वळीव आला. अर्धा तासच पडला असेल. मी कुलूप काढून आत गेले. सात ठिकाणी गळत होतं. डाळीचं पोतं भिजलं होतं, मुलांच्या वजनकाट्यात पाणी साचलं होतं. आणि सोमवारी मुख्यसेविका मॅडम छप्पर बघायला येणार होत्या.

माझं डोकं फिरलं. मी तडक तात्यांच्या अंगणात गेले आणि चार माणसांसमोर नको ते बोलले. "पत्र्याला नाही म्हणालात आणि फुटकी कौलं चढवलीत! माझी पोरं आता ओढ्यात ढकलू का?" तात्या माझ्या तोंडाकडे बघत राहिले. शिडी खांद्यावर घेतली आणि निघाले.

राग थोडा उतरल्यावर मीही मागून गेले. तात्यांनी गळक्या जागेची कौलं उतरवून अंगणवाडीसमोर मांडली होती आणि माझ्याकडे पाठ करून एकेक वाजवत होते. एक कौल कानाशी नेलं, डोळे मिटले, टक्. मी दहा पावलांवर होते, मला स्पष्ट ऐकू आलं: बद्द. तात्यांनी ते चांगल्या ढिगात ठेवलं. दुसरं उचललं. तेही बद्द. तेही चांगल्या ढिगात.

"तात्या," मी म्हणाले. ते वळले नाहीत. मी मोठ्याने हाक मारली. तरी नाही.

मग माझ्या लक्षात एकेक यायला लागलं. बोलताना तोंडाकडे रोखून बघणं. शिडीवरची ती काठी. मी समोर जाऊन उभी राहिले. त्यांनी माझा चेहरा बघितला आणि हातातलं कौल हळूच खाली ठेवलं.

"दोन वर्सं झाली," ते म्हणाले. "आदी उजवा गेला, मग डावा. आता नुसतं घुमल्यागत व्हतं. तरी वाटलं, सवयीनं कळंल."

"मग सांगायचं नाही का?"

"कुणाला सांगू? ज्याला ऐकू येत न्हाई त्याला कौलावर कोण चढवंल, बाई? म्हनतील, तात्या, आता खाली बसा." खाली ठेवलेल्या कौलावर हात फिरवत ते म्हणाले, "मला ऐकू येत न्हाई, म्हनून तर पत्र्याला न्हाई म्हनलं. लेकरास्नी तरी यावं."

तुम्हाला सांगते, मला माझीच इतकी लाज वाटली की तिथेच रडू आलं. मी त्यांची माफी मागितली. त्यांनी ती ऐकली की नुसती बघितली, कोण जाणे.

"बाई, कुनाला बोलू नगा."

"नाही बोलणार. पण सोमवार आलाय. उठा."

आम्ही पाचशेच्या पाचशे कौलं उतरवली. गावाला मी सांगितलं की मला शाकारणी शिकायची हौस आलीय. लोक येऊन बघून हसून जायचे. "बाई, पगार वाढवत न्हाईत म्हनून हा धंदा का?" मी म्हटलं, हसा. कौल तात्यांनी धरायचं, मी वाजवायचं, चांगलं असेल तर हात वर, फुटकं असेल तर खाली. तासाभराने मला सगळी कौलं सारखीच ऐकू यायला लागली. तात्यांनी ते ओळखलं. "कान दमला. पानी प्या, गूळशेंगदानं खावा." खाल्लं की कान खरंच पुन्हा जागा व्हायचा.

पहिल्या दिवशी संध्याकाळकडे एक गंमत झाली. मी हात वर केला आणि तात्यांनी मान हलवली. "फुटकं हाय." मी पुन्हा वाजवलं. खरंच फुटकं होतं, मीच चुकले होते.

"तुम्हाला कसं कळलं?"

ते स्वतःच चकित होऊन आपल्या बोटांकडे बघत होते. "चांगलं असलं की बोटात मुंगी आल्यावानी थरथरतं. हे मेल्यावानी लागलं."

दुसऱ्या दिवशी आम्ही उलटं केलं. तात्यांनी डोळे मिटून आधी बोटांनी सांगायचं, मग मी कानाने तपासायचं. सकाळी दहातली तीन चुकत होती. दुपारी एखादंच. शेवटच्या ढिगात मी वाजवत होते आणि ते माझा हात वर जायच्या आत कौल बाजूला ठेवत होते. मावशी सावलीत उभ्या राहून बघत होत्या. त्यांनी पदर तोंडाला लावला होता. हसत होत्या की रडत होत्या, मला कळलं नाही. बहुतेक दोन्ही.

संध्याकाळी चांगली कौलं पुन्हा चढवली, कमी पडली ती गावातून मागून आणली. सोमवारी मॅडम आल्या, नव्या कोऱ्या साडीत. आभाळ कोरडं ठाक. त्या म्हणाल्या, "पाऊस नसताना कसं कळणार?" तात्यांनी त्यांना अदबीने सतरंजीवर बसवलं, नेमकं जिथे सर्वात जास्त गळायचं तिथे, आणि स्वतः हंडे घेऊन वर गेले. एकामागून एक बारा हंडे ओतले. मॅडम प्रत्येक हंड्याला अंग चोरून घ्यायच्या आणि वर बघायच्या. एक थेंब पडला नाही. त्यांनी तिथेच बसून शेरा लिहिला: मुलं इथेच बसवावीत.

तात्यांनी त्यानंतर पाच उन्हाळे काम केलं, बोटांनी. पुढे तालुक्याच्या शिबिरात कानाचं यंत्र मिळालं, ते गावाला कळू न देता चार दिवस घरातच लावून डबीत ठेवलं. म्हणाले, "लई गलका हाय जगात." त्यांच्याकडे शिकायला आमच्या बचत गटातल्या तीन बायका जायच्या, मीही जायची. आता खोऱ्यातली शाकारणी त्या तिघी करतात. सारोळ्यापर्यंतची बोलावणी येतात.

यंदा माघात तात्या गेले. दोन दिवसांच्या तापाचं निमित्त झालं. विहारात शोकसभा झाली. गाव लोटलं होतं. सरपंच बोलायला उभे राहिले. "माणूस साधा, पण कान काय होता! एवढ्या खोऱ्यात असा कान झाला नाही. कौलातली केसाएवढी चीर ऐकायचे." माणसं माना डोलावत होती. मग मला बोलायला सांगितलं. मी, जिचं तोंड कधी बंद नसतं ती, उभी राहिले, "सरपंच म्हणतात तसंच," एवढं म्हणाले आणि बसले.

सभा संपल्यावर मावशींनी मला बाजूला घेतलं. डोळे रडून सुजले होते, पण त्यात एक मिश्कील चमक होती.

"बाई, सांगा आता लोकास्नी. लिवा कुठं लिवायचं ते," त्या म्हणाल्या. "आता त्यास्नी कौलावरनं खाली उतरवायला कोन येतंय?"