तोंडी परीक्षेचे वीस गुण

अर्थशास्त्राच्या तिसऱ्या वर्षाला तोंडी सादरीकरण सक्तीचं करा, हा आग्रह माझाच होता. दोन हजार सालानंतरची गोष्ट. आमची हुशार मुलं मुलाखतीला जायची आणि साध्या प्रश्नालाही मान खाली घालून परत यायची. ते मला बघवत नव्हतं. विभागप्रमुख सर म्हणाले, "ज्याला बोलता येत नाही, त्याला अर्थशास्त्रच येत नाही, असं आपण म्हणायचं का?" मी म्हणाले, "सवय लागेल, सर." वीस गुण ठरले. आठ मिळाले तर पास, नाहीतर पदवी अडणार. गुणांचा तक्ता मी घरी बसून स्वतःच्या हाताने तयार केला.

पहिल्याच वर्षी त्यात एक मुलगी अडकली. पेठ तालुक्यातल्या आदिवासी पाड्यावरची, वसतिगृहात राहणारी. लेखी पेपरात तिच्या जवळपास कुणी नसायचं. पण वर्गात ती कधी बोलली नव्हती. ती पहिल्या वर्षाला असताना तिच्या बोलण्याला वर्ग हसला होता, तेव्हापासून ती गप्प झाली, हे मला फार उशिरा कळलं.

परीक्षेला दुसऱ्या महाविद्यालयाचे एक सर आले होते. तिचा विषय होता, भात कापल्यावर पेठकडचे लोक द्राक्षबागांत मजुरीला का जातात. ती उभी राहिली, फळ्यावर मागणी-पुरवठ्याची आकृती काढली आणि तशीच थांबली, आमच्याकडे पाठ करून. एक मिनिट गेलं. सरांनी घड्याळ पाहिलं.

"फळ्याकडे बघूनच बोल," मी म्हणाले.

ती हळूहळू बोलू लागली. मुद्दे बरोबर होते. मध्येच तिच्या तोंडून घरचा एक शब्द निघून गेला आणि मागच्या बाकावर कुणीतरी फिस्सकन हसलं. ती थांबली. खडूचा तुकडा तिच्या बोटांत मोडला. आता ती बाहेर निघून जाईल, असंच मला वाटलं. पण ती वळली.

"पुढचं सांगू का, मॅडम?"

"सांग."

उरलेलं तिने आमच्याकडे बघून सांगितलं, पण आवाज शेवटपर्यंत थरथरत होता.

मुलं गेल्यावर सरांनी सात गुण लिहिले. मी म्हणाले, "सर, विषय तिला पक्का येतो."

"येत असेल. पण तुमच्याच तक्त्यात आहे ना, श्रोत्यांकडे पाहणे, शुद्ध उच्चार. त्यात मी काय देऊ?"

अक्षर माझं होतं. शेवटी मी एवढंच म्हणाले, "एक प्रश्न विचारून बघा. मग ठरवा."

त्यांनी तिला परत बोलावलं. ती दारातच उभी राहिली.

"मजूर वाढले की मजुरी पडते. मग तुमचे लोक तिकडे जातात कशाला?"

"भात कापल्यावर आमच्याकडं कामच नाय, सर. तिकडं कमी दिली तरी कायतरी मिळतं. घरी बसलं तर कायच नाय."

"याला पुस्तकात काय म्हणतात?"

"संधी खर्च. तिकडं जायला घरची जी कमाई सोडायची, ती. आमचा तो शून्य हाय."

सरांनी साताचा आकडा खोडून अकरा लिहिले आणि शेजारी सही केली.

निकालाच्या दिवशी ती पेढे घेऊन विभागात आली. मी म्हणाले, "बघ, जमलं ना?"

ती म्हणाली, "जमलं, मॅडम. पण त्या दिवशी भीतीने मी जेवले नव्हते. आदल्या दिवशीपण नाही." रागाने नाही, नुसतं सांगावं तसं.

पुढच्या वर्षी मी तक्त्यातून 'शुद्ध उच्चार' काढून टाकलं आणि पहिल्या वर्षापासून चार-चारांच्या गटात बसून बोलायचे तास सुरू केले. परीक्षा मात्र ठेवली. ती ठेवण्यात माझं बरोबर होतं की नाही, याची खात्री मला अजूनही देता येत नाही.