बॅनरदादांचे शुभेच्छुक

बॅनरदादांच्या दुकानात गेलेला माणूस गॉगल लावूनच बाहेर पडायचा. फोटोत, अर्थात. गल्लीतला पुढारी असो, बारशाचं बाळ असो, नाहीतर नव्वदीतली आजी असो, दादा कॉम्प्युटरवर त्याच्या डोळ्यांवर काळा गॉगल चढवत आणि पाठीमागे उधळलेले दोन पांढरे घोडे सोडत. एकदा तर एका म्हातारीच्या श्रद्धांजलीच्या बॅनरवरही त्यांनी गॉगल लावला. तिचा मुलगा तणतणत भांडायला आला. दादा शांतपणे म्हणाले, "आयचं मोतीबिंदूचं आपरेशन झालं होतं ना? मंग?" मुलगा बॅनर उचलून निघून गेला.

दादा मूळचे जवळच्या रोडपाली गावचे. भातशेती नव्या शहराच्या पोटात गेली, तेव्हा त्यांनी पनवेलमध्ये आमच्याच बिल्डिंगच्या तळमजल्यावर फ्लेक्स छापायचं मशीन टाकलं. ते दिवसच बॅनरचे होते. कुणाला मुलगा झाला, कुणी दहावी पास झालं, कुणाच्या बैलाने शर्यत मारली, की चौकात बॅनर. मी सरकारी कचेरीतला हेडक्लार्क, सुशिक्षित म्हणवून घेणारा, त्यामुळे या प्रकाराला नाक मुरडायचो. दादांना मात्र त्यात एक शास्त्र दिसायचं. "सायब, मदला मोठा फोटो काय, आज हाय उद्या नाय," ते म्हणत. "खालची शुभेच्छुकांची रांग बगा. खाली ज्याचा फोटो लागला तो बांधला गेला. त्याला मंग मागं फिरता येत नाय." मी हसून वर घरी जायचो.

अठ्ठेचाळिसाव्या वर्षी कचेरीत फाइल उचलताना माझ्या छातीत कळ आली आणि मी फाइलीसकट खाली बसलो. हृदयात दोन स्प्रिंगा, म्हणजे स्टेंट, बसल्या. डॉक्टर म्हणाले, तेल-तूप-मीठ कमी, सिगारेट बंद, रोज चाळीस मिनिटं चालायचं, आणि दुसऱ्या खेपेला मी उपयोगी पडेनच असं धरून चालू नका. मी मान डोलावली. मान डोलवायला मला मुळीच त्रास होत नव्हता.

घरात मी संत झालो. बिनतेलाची दुधीची भाजी खाऊन वर "छान झालीय" म्हणायचो. हिला वाटलं, नवरा सुधारला. प्रत्यक्षात कचेरीतून येताना वामनच्या गाडीवर दोन वडे, इक्बालभाईंच्या बेकरीतून पावशेर खारी, टपरीवर एक सिगारेट आणि मग पाच मिनिटांच्या रस्त्याला रिक्षा, असा माझा पथ्याचा कार्यक्रम होता. तीन महिन्यांनी रक्ताचा रिपोर्ट आला आणि माझं बिंग फुटलं. ही माझ्याशी एक अक्षर बोलली नाही. खाली दादांच्या दुकानात गेली, स्टुलावर बसली आणि रडली. "पोरगी दहावीला आहे, दादा. यांना काही झालं तर मी तिला घेऊन कुठे जाऊ?"

पुढच्या शनिवारी मी चौकात आलो आणि वर पाहिलं. दहा बाय आठचा बॅनर. मधोमध मी. गॉगल. घोडे. आणि मजकूर असा:

"आमचे लाडके सायब यांच्या हृदयात दोन स्प्रिंगा यशस्वीपणे बसविल्याबद्दल जाहीर अभिनंदन! पनवेलकरांना नम्र विनंती: यांना कोणीही वडा, भजी, खारी व सिगारेट देऊ नये. रिक्षावाल्यांनी जवळचे भाडे घेऊ नये."

त्याखाली शुभेच्छुक. वामन वडेवाला, इक्बालभाई, टपरीवाला, रिक्षा स्टँडचा अध्यक्ष नाम्या, आमची ही आणि आमची पोरगी. सगळ्यांना गॉगल. आमची ही गॉगलमध्ये चक्क एखाद्या टोळीची प्रमुख दिसत होती.

मी तावातावाने दुकानात शिरलो. "दादा, माझी अब्रू काढलीत तुम्ही!"

त्यांनी मशीनवरून मानही वर केली नाही. "अब्रू परत येते, सायब. तुमी गेलात तर येनार नाय."

त्या संध्याकाळी मी मुद्दाम वामनच्या गाडीवर गेलो. त्याने कढईवरचा झारा खाली ठेवून हात जोडले. "साहेब, कालपर्यंत ठीक होतं. आता माझा फोटो आहे वर. लोक म्हणतील, बॅनरवर एक आणि गाडीवर एक." इक्बालभाईंनी खारीच्या बरणीवर हात ठेवला आणि म्हणाले, "साहेब, जुबान दिली आहे. भाजलेले चणे खा, माझ्याकडून." नाम्या तर रिक्षा माझ्या शेजारून हळूहळू चालवत घरापर्यंत आला, पण मला आत काही घेतलं नाही. सर्वांत कहर म्हणजे पार खारघरच्या एका हॉटेलात, जिथे मला कुत्रंही ओळखत नव्हतं, तिथे वेटरने मेनूकार्ड देता देता विचारलं, "तुम्ही ते पनवेलचे दोन स्प्रिंगवाले ना?" मी इडली मागवली. काय करणार!

चालणंही दादांनी सोडलं नाही. सकाळी सहाला ते खालून हाक मारत आणि सगळी बिल्डिंग जागी होई. वडाळे तलावाच्या काठाने आम्ही दोघे फेऱ्या मारायचो, मी महागड्या बुटांत आणि ते स्लिपरमध्ये. हळूहळू नाम्या येऊ लागला, मग इक्बालभाई, मग वामन. ज्यांनी मला पंधरा वर्षं तळून-भाजून खाऊ घातलं होतं तेच आता मला दमवत होते. दर फेरीला राजकारण, शेजाऱ्यांची लफडी आणि एकमेकांच्या पोटांची टिंगल चाले. माझा रिपोर्ट खाली येत गेला. हिने पुन्हा माझ्याशी नीट बोलायला सुरुवात केली. खरं सांगायचं तर दिवसातला तो पाऊण तास मला सगळ्यांत आवडू लागला होता, पण हे मी दादांना कधी कबूल केलं नाही.

एके सकाळी चौथ्या फेरीला दादा पायरीवर बसले. कपाळावर घाम, हात छातीवर. "ग्यास झालाय," म्हणाले. असला गॅस मला कचेरीत झाला होता. त्या दिवशी नाम्याने पहिल्यांदाच स्वतःचा नियम मोडून जवळचं भाडं घेतलं. डॉक्टरांनी दादांना एक स्प्रिंग बसवली. दादांच्या बायकोने, वहिनींनी, विचारलं तेव्हा कळलं, वर्षभर छातीत दुखत होतं, तंबाखू चालू होती आणि रोज सुके बोंबील. दुसऱ्याच्या हृदयाचे बॅनर लावण्यातून त्यांना सवड मिळाली नव्हती.

आता पाळी माझी होती. दादा हॉस्पिटलात असतानाच मी वहिनींना घेऊन त्यांच्याच मशीनवर त्यांचाच बॅनर काढला. "यांना तंबाखू व सुकी मच्छी देऊ नये. बाजारातल्या सर्व मावश्यांनी नोंद घ्यावी." खाली आमची सगळी रांग, मी पहिला. आणि सूड म्हणून मी त्यांना गॉगल लावला नाही. पनवेलच्या चौकात उघड्या डोळ्यांचा तो पहिलाच माणूस. डोळे अगदी भित्रे निघाले, शाळेत पहिल्या दिवशी बसवलेल्या पोरासारखे. डिस्चार्जच्या दिवशी त्यांनी रिक्षातून बॅनर पाहिला. तब्येतीचं काही नाही, थेट विचारलं, "मना गॉगल का नाय?"

त्यानंतर आम्ही सहा वर्षं चाललो. मासळी बाजारात दादा सुक्या बोंबलांकडे नुसते वळले तरी मावश्या ओरडत, "ओ बॅनर, पुढं जावा!" तंबाखू सुटली. पण ती फार उशिरा सुटली बहुतेक. त्यांच्या पोटात गाठ निघाली आणि तिच्यावर कुणाच्या बॅनरचं काही चालेना.

शेवटच्या आठवड्यात मी भेटायला गेलो. दादा गादीत पार बुडून गेले होते. मला जवळ बोलावून म्हणाले, "सायब, श्रद्धांजलीचा बॅनर तुमीच लिव्हा. न त्यात लिव्हा, हार्टनी नाय गेला."

"दादा, असं कुणी लिहितं का?"

"मंग लोकं बोलतील, एवढा चालला तरी हार्टनी गेलाच. तुमी सगले उद्यापासून चालनार नाय. मना ठाव हाय तुमी कसं हाव." आणि थोडं थांबून म्हणाले, "गॉगल पन लावा."

बॅनर मी लिहिला. मधोमध दादा, गॉगल, दोन घोडे. "भावपूर्ण श्रद्धांजली." त्याखाली ठळक अक्षरांत, "टीप: दादांचे हृदय शेवटपर्यंत उत्तम होते." खाली शोकाकुलांची रांग, मीही त्यात. चौकात लोक टीप वाचून हसत होते आणि हसता हसता डोळे पुसत होते. दुसऱ्या दिवशी सहाला खालून हाक आली नाही. मी तसाच वाट बघत बसलो होतो. सव्वासहाला नाम्याने रिक्षाचा हॉर्न वाजवला. तलावावर सगळे आले होते.

पुढे बॅनर उतरला. चांगला फ्लेक्स वाया कशाला घालवायचा म्हणून वामनने तो गाडीवर छप्पर म्हणून बांधला, छापलेली बाजू आत करून. गेल्या महिन्यात माझा रिपोर्ट आला. डॉक्टर म्हणाले, हृदय झकास आहे. मी खुशीत वामनकडे गेलो आणि म्हटलं, "आज एकच दे रे. बक्षीस म्हणून."

वामनने झारा वर केला. मी वर पाहिलं. डोक्यावर दादा, तेलाच्या धुराने जरा काळवंडलेले, गॉगलमधून थेट माझ्या हाताकडे बघत होते. मला त्यांचा राग आला, जिवंतपणी यायचा तसाच. आता असं मला कोण अडवणार होतं?

"एका वड्याने काय होतंय, वामन? दादा थोडेच बघायला आहेत."

"ते नाहीत, साहेब," वामन म्हणाला. "पण खाली तुमचा पण फोटो आहे."