कर गेल्यानंतरचा विमा

अमेरिकेतल्या आयोवा राज्याच्या एका कोपऱ्यात लव्हॉन टर्पस्ट्राला सगळे विमावाली म्हणूनच ओळखत. तिचे सासरे गेले तेव्हा वारसा कर भरायला निम्मी जमीन विकावी लागली होती. लिलावाच्या दिवशी तिचा नवरा गोठ्यातून बाहेरच आला नाही, आणि ते दुखणं तिच्या मनातून कधी गेलं नाही. पुढे ती विमा विकायला लागली तोही बहुतेक एकाच तऱ्हेचा: आईबाप दोघंही गेले की पैसे येतात, मुलं त्यातून कर भरतात, जमीन शाबूत राहते. गोड बोलणं तिला जमत नसे, पण तिचं म्हणणं लोकांना पटायचं.

मग एका नाताळात वॉशिंग्टनच्या सरकारने करमाफीची मर्यादा इतकी वर नेली, की तिच्या बहुतेक शेतकऱ्यांची या करातून सुटका झाली. ती मनापासून खूश झाली. जानेवारी उजाडला तसे फोन सुरू झाले. कर नाही, तर हप्ते कशाला भरायचे? कायदा पुन्हा फिरेल असं सांगून लोकांना धरून ठेवा, असं कंपनीच्या साहेबांचं म्हणणं. फिरलाही असता, पण माणसांना भीती घालून हप्ते घेणं तिला जमेना. ज्यांना गरज उरली नव्हती, त्यांना तिने सरळ तसं सांगितलं.

वेंडेल पोस्टमा हा जुन्या ओळखीचा शेतकरी आला तेव्हा बाहेर बर्फ साचलं होतं. त्याची बायको आर्डिस जाऊन फार दिवस झाले नव्हते. टोपी गुडघ्यावर ठेवून तो म्हणाला, "तो विमा बंद करून टाक."

"करते. तुझ्यावर आता कर नाही, हे खरंय. पण जमीन कुणाला देणार?"

"पोराला, गॅरेटला. शेतात राबतोय कोण?"

"आणि लेकीला, कॉरीनला?"

"तिला काय कमी आहे? ओमाहा शहरात पुन्हा नर्सची नोकरी लागलीय तिला."

आर्डिस अंथरुणाला खिळली तेव्हा याच मुलीने नोकरी सोडून महिनोन् महिने तिचं सगळं केलं होतं. लव्हॉनने ते डोळ्यांनी पाहिलं होतं.

"जमीन गॅरेटचीच, तिचे तुकडे करू नकोस," ती म्हणाली. "पण हा विमा कॉरीनच्या नावावर कर. तुझ्यामागे त्या दोघांना एकमेकांकडे जाता-येता आलं पाहिजे, वेंडेल."

"विमा विकतेस तेवढं विक. माझ्या घरात नाक खुपसू नकोस," म्हणून तो कुठेही सही न करताच उठून गेला.

गिऱ्हाईक गेलं आणि जुनी ओळखही, असं तिने धरून चाललं. पेरणीच्या तोंडावर मात्र गॅरेट आला. बापाने कॉरीनला फोन करून तुला काय हवं, असं विचारलं होतं म्हणे. ती म्हणाली, काही नको बाबा, पण विचारलंत ते बरं केलंत. फोन ठेवून म्हाताऱ्याने विम्याचे कागद काढले आणि सही करून गॅरेटच्या हाती दिले.

"विमा तिच्या नावावर करा," गॅरेट म्हणाला. "हप्ते मी भरीन, जमीन मला मिळतेय ना. बाबा स्वतः यायचे नाहीत, त्यांना लाज वाटते."

त्या वर्षी लव्हॉनच्या कितीतरी पॉलिसी बंद झाल्या. गावातलं ऑफिस सोडून ती घरच्या जेवणाच्या टेबलावर काम करू लागली. आता नव्या माणसाला ती कराचं नंतर सांगते, आधी शेती सोडून बाहेरगावी गेलेल्या मुलांची चौकशी करते. काही जण चिडून उठतात. धंदा पहिल्यासारखा राहिलेला नाही, पण तिला झोप चांगली लागते.