भूतानहून मिशीसकट परत

कोल्हापूरच्या स्टँडवर गाडीत बसताना माझ्याजवळ जपण्यासारख्या तीन गोष्टी होत्या: पाचशेच्या कोऱ्या नोटा, डबाभर ठेचा आणि माझी मिशी. पहिल्या दोन संपवण्यासाठीच नेल्या होत्या. तिसरी परत येईल की नाही, यावर पैज लागली होती.

पैज लावली आप्पा चौगुल्यांनी. माझं पंपाच्या जळालेल्या मोटारी भरायचं (रिवाइंडिंगचं) दुकान आहे, म्हणून सगळे मला मेस्त्री म्हणतात, आणि आप्पांचा शिरोळला ऊस आहे. कृष्णेला पूर आला की आप्पांची मोटार बुडते आणि ती ट्रॉलीत घालून आप्पा माझ्याकडे येतात. पाच-सहा मोटारी बुडेपर्यंत आमची दोस्ती घट्ट झाली. यंदा दोघांनी बायकांसह भूतानला जायचं ठरवलं. तेव्हा मी दुकानात चार माणसांसमोर व्याख्यान दिलं : "भूतानचं नाणं म्हणजे न्गुल्ट्रम. त्याचा दर आपल्या रुपयाला बांधलेला. एकास एक! आपली नोट तिथं चालते. मग बदलायचं काय आणि कमिशन कसलं? कार्ड तेवढं घासायचं नाही, त्यावर बँक वरखर्च लावते. मी एक रुपया कमिशन देणार नाही!"

"आन गेलं तर?" आप्पांनी विचारलं.

"तर मिशी उतरवीन."

"आन न्हाय गेलं, तर आपल्या अख्ख्या भिशीला माझ्याकडनं मिसळ!"

ही मिशी मी लग्नाआधीपासून बाळगून आहे. माझ्या बायकोनं, सुमननं, माझा वरचा ओठ अजून पाहिलेला नाही. निघायच्या आदल्या दिवशी ती म्हणाली, "शंभराच्या नोटा घ्या, सुट्ट्या लागतील." मी म्हणालो, "मी काय कोथिंबीर विकायला निघालोय?" हे वाक्य पुढं फार महागात पडलं.

पुण्याहून विमानानं बागडोगरा आणि तिथून चहाच्या मळ्यांमधून जयगाव. हे आपल्या बाजूचं शेवटचं गाव. रिक्षा, हॉर्न, भज्यांचा वास, सगळं ओळखीचं. हद्दीवरच्या कमानीशेजारच्या दारातून पलीकडं गेलं की भूतानचं फुंटशोलिंग, आणि एकदम हॉर्न बंद. जणू कुणी मेन स्विच पाडला. माणसं गुडघ्यापर्यंतचा घो (पुरुषांचा अंगरखा) घालून शांतपणे झेब्रा पट्ट्यांवरून चालत होती. आप्पा सवयीनं मधूनच रस्ता ओलांडायला गेले, तर समोरची गाडी थांबली. आप्पा इतके घाबरले, की परत मागं आले.

परवाने झाले, कर्मा नावाचा हसरा ड्रायव्हर मिळाला आणि घाट चढून आम्ही थिंफूला पोचलो. या राजधानीत सिग्नल नाही. चौकातल्या नक्षीदार छत्रीखाली पोलीस हातवारे करतो आणि गाड्या त्याचं ऐकतात. आम्ही बराच वेळ उभे राहून ते बघितलं. आमच्या कोल्हापूरच्या बिंदू चौकात असे हात केले असते, तर लोकांनी त्याला टाटा केला असता.

तिथंच पहिल्या जेवणाला एमा दात्शी मागवली. एमा म्हणजे मिरची, दात्शी म्हणजे चीज. मिरची इथं फोडणीला नसते, तीच भाजी असते. आप्पा जैन, त्यामुळं "कांदा-लसूण न्हाय न्हवं?" हे त्यांनी तीनदा विचारून घेतलं. मी मात्र कोल्हापूरचा अभिमान म्हणून पहिला घास मोठा घेतला. दुसरा घास डोळ्यांतून पाणी येत असताना घेतला. आप्पांच्या पत्नी पद्मावैनी म्हणाल्या, "मेस्त्री रडाय लागले की ओ!" वेटरनं आपणहून पाणी आणलं. मी त्याला "काद्रिंछे" (आभारी आहे) म्हणालो. एवढा एकच शब्द शिकलो होतो आणि तो मनापासून वापरला.

मग आलं बिल. आता आमच्याकडं बिल आलं की जे होतं, ते बाहेरच्यांना भांडण वाटतं. मी उठलो, आप्पा उठले. "मेस्त्री, हात काढा!" "आप्पा, शपथ हाय!" मी त्यांचं मनगट धरलं, दुसऱ्या हातानं पाचशेची कोरी नोट काउंटरवर आपटली आणि जिंकलो. काउंटरवरच्या बाईंनी उरलेले पैसे परत दिले. मी न बघता सुमनच्या पर्समध्ये कोंबले.

पुढं रोज हेच. चहाला पाचशे, मोमोला पाचशे, पुनाखाला सफरचंदं घेतली तरी पाचशे. प्रत्येक बिलाला मी आप्पांशी झुंजायचो आणि प्रत्येक वेळी जिंकायचो. सुट्ट्या नोटा होत्या की. पण बिलाच्या कुस्तीत कुणी चुरगळलेल्या दहाच्या नोटा काढतं का? कोरी पाचशेची कशी टाळकन वाजते!

पारोला तक्तसांगचा मठ चढून गेलो. कड्याला गांधीलमाशीच्या पोळ्यासारखा चिकटलेला मठ. जोतिबाचा डोंगर आम्ही बोलत बोलत चढतो. इथं निम्म्या वाटेनंतर माझं बोलणं बंद झालं, याचा आनंद तिघांनी साजरा केला. वर पोचलो तेव्हा ढग आमच्या खाली होते. पद्मावैनी हात जोडून नुसत्या उभ्या राहिल्या.

खाली हॉटेलात येऊन सुमननं पर्स पलंगावर उपडी केली. "ही आता बंद होत नाही," ती म्हणाली.

पलंगभर भूतानचे राजे माझ्याकडे बघत होते. गांधीजी एकही नव्हते. मी आपल्या नोटा देत गेलो होतो आणि सुट्टे म्हणून सगळीकडं न्गुल्ट्रम घेत आलो होतो. हॉटेल आणि गाडीचे पैसे तर आधीच चुकते झालेले. कर्माला विचारलं, तर तो हिंदीत म्हणाला, "सर, हे भारतात चालत नाहीत. जयगावात बदलून देतात, पण शंभराला पाच-सात कापून." हॉटेलच्या मालकिणीला विचारलं. ती म्हणाली, "भारतीय नोटा आम्हालाच पुरत नाहीत!"

एकास एक हा दर खरा होता. फक्त तो भूतानात शिरताना चालतो, बाहेर पडताना नाही.

"आप्पा, तुम्हाला हे दिसत होतं?"

"व्हय की," आप्पा मोज्यांतून खडे झटकत म्हणाले. "म्हणून तर मी बिलाला जोर लावत न्हवतो. मिशी बारीक होताना दिसत हुती."

दुसऱ्या दिवशी सुमननं बाजारात जाऊन लोकरी कमरपट्टे, दोन शाली आणि एक विणलेली पिशवी घेतली. कमिशन वाचवण्यासाठी तिनं एवढे कष्ट घेतलेले मी प्रथमच बघत होतो. तरीही आठ-नऊ हजार उरले.

शेवटच्या दुपारी फुंटशोलिंगच्या एका खानावळीत बसलो. पलीकडं कमान दिसत होती आणि मला न्हावी दिसत होता. तेवढ्यात डोक्यात वीज चमकली. इथं रोज नवीन पर्यटक येतात. त्यांचं बिल मी न्गुल्ट्रममध्ये द्यायचं. कुठला शहाणा माणूस अनोळखी माणसाला बिल भरू देईल? तो हट्टानं आपल्या नोटा माझ्या खिशात कोंबणारच!

शेजारी कोलकात्याचं एक जोडपं चहा पीत होतं. मी झेप घेऊन त्यांचं बिल भरलं. ते गृहस्थ गहिवरले. "थँक्यू दादा!" म्हणाले, नमस्कार केला आणि निघून गेले.

आप्पा टेबलावर डोकं टेकून हसत होते. "झालं कमिशन! मेस्त्री, वस्तरा आणू?"

आणि मग दारातून आवाज आला : "आरं, हितं भाकरी मिळतीया का न्हाय इचार की!"

आमच्या कोल्हापूर जिल्ह्यातल्या मुरगूडची वीस-बावीस माणसं आत आली. पुढं पांढऱ्या टोपीतले एक नाना. माझ्या कानांना इतकं गोड काही त्या आठवड्यात ऐकू आलं नव्हतं. मी त्यांना पोटभर जेवू दिलं, मग काउंटरवर जाऊन सगळ्यांचं बिल भरून टाकलं. पर्स निम्मी रिकामी झाली.

नाना उठले. "ओ पावणं! बिल तुमी दिलासा? आमी काय उपाशी आलोय काय?"

"आसू दे ओ नाना, आपलीच माणसं."

"आपलीच म्हणून काय झालं? धरा हे!" त्यांनी पाचशेच्या नोटा माझ्यासमोर धरल्या. आपल्या, कोऱ्या, गांधीजींच्या.

आणि माझं तोंड, माझ्या परवानगीशिवाय, म्हणालं, "छे छे! शपथ हाय नाना!"

पहिल्यांदा नाही म्हणायचं, हे आमच्या हाडात आहे. नानांनी परत पुढं केल्या. मी परत मागं ढकलल्या. "बरं, तुमी एवढं म्हणताय तर..." असं म्हणत नाना नोटा खिशात घालू लागले, तशी सुमन ताडकन उठली.

"नाना, द्या त्या इकडं! ह्यांच्या मिशीचा प्रश्न हाय."

तिनं चार वाक्यांत सगळं सांगून टाकलं. अख्खी खानावळ मुरगुडी हसली. नाना म्हणाले, "एवढंच व्हय? आनि काय हाय ते बी काढा. आमाला हितं पाच दिवस ऱ्हायाचं हाय, ह्या नोटा आमच्या कामाच्याच. खर्चूनच टाकणार." उरलेल्या सगळ्या न्गुल्ट्रमच्या बदल्यात तेवढेच रुपये टेबलावर आले. एकास एक! मी मिशीवरून हात फिरवला आणि लगेच गुरू झालो : "नाना, आधी ह्या नोटा खर्चा, आपल्या शेवटी. सुट्टे घेताना भारतीय नोटा मागा. आणि पाचशे काढून ऐट करू नका."

"हे नुसतं विचारलं असतं तरी झालं असतं," सुमन म्हणाली. मी रुपये मोजायला घेतले.

आप्पा मात्र अडून बसले. "आन कोलकात्याचा च्या? ते कमिशनच!"

निकाल पद्मावैनींनी दिला. "च्या पाजला त्याला कमिशन म्हणत न्हाईत. मिशी ऱ्हाऊ दे. मिसळ द्या."

परतल्यावर पहिल्याच रविवारी भिशीतले सगळे मिसळीला जमले. कटावर तर्री तरंगत होती, पण एमा दात्शी पचवून आलेल्या माणसाला तिचं काय? मी मधोमध बसून विजयकथा सांगितली. कोलकात्याचा भाग गाळला. आप्पांनी तो घातला. लोक म्हणाले, "मेस्त्री, जिंकलासा!" मी जिंकलोच होतो. एक रुपया कमिशन न देता, मिशीसकट, हद्द ओलांडून परत आलो होतो.

मग बिल आलं. आप्पा उठले, मी उठलो. "मेस्त्री, हात काढा!" "आप्पा, शपथ हाय!" मनगट धरलं, पाचशेच्या नोटा काउंटरवर आपटल्या आणि सवयीनं हेही जिंकलो.

दारात आल्यावर लक्षात आलं, की पैजेची मिसळ माझ्याच पैशांची झाली. आप्पा या वेळीही जोर लावत नव्हते. सुमननं सुट्टे पैसे माझ्या हातातून घेतले, एकेक नोट उलटून बघितली आणि पर्स बंद केली.

"सगळ्या आपल्याच हाईत," ती म्हणाली. "चला."