उदारामभाऊजींची म्हैस

उदारामभाऊजी म्हणजे आमच्या यांचे धाकटे भाऊ. दिवाळीनंतर गावोगावी मंडईची जत्रा भरते, तिथे रात्रभर चालणारी दंडारीची लोकनाट्यं ते लिहून देत. पुढे लोक अर्ध्यातूनच उठून जायला लागले, मग बोलावणंही थांबलं. भाऊजी तक्रार करणारे नव्हेत. फक्त दुपारी झोपायला लागले.

२०१२ च्या उन्हाळ्यात माझी लेक रंजिता गोंदियाहून अर्जुनीला घरी आली. तिथे कॉम्प्युटर शिकायची. कॉलेजसाठी एक गेम बनवत होती. तलावाकाठची मुलगी हरवलेली म्हैस शोधते, एवढाच. "काका, याची गोष्ट लिहून द्या ना," म्हणाली. भाऊजी असे खुलले की दुपारची झोपही विसरले. लिहिलं मात्र दंडारीच्याच पद्धतीने. आधी गणपतीला वंदन, मग गावाचं वर्णन, मग म्हशीचं कूळ. हो, म्हशीचंसुद्धा!

मैत्रिणी खेळायला बसल्या. एकीने बटण दाबून गणपती उडवला, दुसरीने अख्खं गाव.

मागे उभे भाऊजी कळवळले. "काऊन पळून राहिल्या वो पोरी? म्हैस कोनाची, ते त आयका!"

"काका, गेममध्ये ऐकत नाही बसत कोणी."

"मंग काढून टाक बाई. माही गोष्टच काढून टाक."

तो उतरलेला चेहरा मला पाहवेना. देवाच्या कृपेने एक सुचलं. "भाऊजी, कहाणी सांगताना मी सगळ्यांच्या हातात अक्षता कायले देते? हात रिकामा राहिला का मन उठून जाते."

त्यांनी लिहिलेले कागद पुढे ओढले. मग म्हणाले, "म्हंजे कूळ सांगाचं नाही. म्हैस धुवाले लावाची!"

रंजिताने तसंच केलं. आता खेळणाऱ्याने आधी म्हैस तलावात धुवायची, भाताचं तणस खायला घालायचं, सांजेला तिला खुंट्याला बांधायचं. सकाळी खुंटा रिकामा. भाऊजींनी आपली वाक्यं स्वतःच खोडली, जरा सावकाश. एकच ठेवलं: 'ती दिसत नाही.'

मग भाऊजींची बायको, माझी जाऊ देवका, खेळायला बसली. नवऱ्याची एवढी धडपड कशासाठी ते पाहायला. रंजिताने बटणं दाखवली. चुकत, गेममधल्या पोरीला झुडपांत अडकवत तिने जंगलात म्हैस शोधली. शेजारी नुकतं जन्मलेलं पारडू. पडद्यावर आलं, 'घरी न्या.' देवकाचं बोट थांबलं.

"दाब नं! कायले थांबली?" भाऊजी.

"गप्प बसा जी. आत्ताच व्याली हाय. पारडू उभं त राहू द्या."

"काकू, ते उभं राहत नाही. तसं बनवलंच नाही मी."

"राहीन ते उभं. मी बसली हावो इथं."

भाऊजींनी स्टूल ओढला, तिच्याजवळ बसले. रंजिताला अगदी हळू म्हणाले, "बाई, त्याले पाय दे. काकू वाट पाहून राहिली."