हँडलवरची लाल पट्टी

"आदी बसा. मग बोलू."

कोणी आपली महागडी मोटारसायकल घेऊन भाऊंच्या गाळ्यासमोर उतरला आणि मोबाइलमधली यादी वाचायला लागला, की भाऊ हे म्हणत. यादी साधारण ठरलेली असे: उंच काच, हँडल वर घेणारे रायझर, बाजूला पेट्या, जादा दिवे. भाऊ ती ऐकून घेत नसत. ते गिऱ्हाइकाला त्याच्याच गाडीवर बसवत, डोळे मिटायला लावत आणि सांगत, "आता हात जितं बरं वाटतंय तितं धरा." मोठ्या कंपनीतला साहेब हवेत दोन्ही मुठी धरून बसायचा. त्या मुठी आणि हँडल यांच्यातलं अंतर भाऊ बोटांनी मोजत. कार्ले फाट्यावर एसटीची वाट बघणारी माणसं हा खेळ फुकटात बघायची.

भाऊंच्या शेजारचा गाळा माझा. मी गाड्यांच्या सीटा शिवते. लांब पल्ल्याच्या या गाड्या दिसायला देखण्या असतात, पण पुढे वाकून बसावं लागतं. तीनशे किलोमीटर झाले की मनगटं आणि कंबर बोलायला लागतात. मनगटं भाऊंकडे, कंबर माझ्याकडे, अशी आमची वाटणी होती. सोळा वर्षं आम्ही शेजारी होतो. एवढ्या काळात आमच्यात गप्पा झाल्या असतील त्या सगळ्या मिळून एका दुपारच्या.

पेट्या बसवल्यावर भाऊ त्यांत घरच्या इंद्रायणी तांदळाची दोन छोटी पोती भरत आणि गाडी स्वतः खंडाळ्यापर्यंत नेऊन आणत. दगड का भरत नाही, असं मी एकदा विचारलं. "दगुड खडखडतो. तांदूळ माणसावानी बसतो." परत आलेला तांदूळ वहिनी घरी शिजवत. पाहुण्यांना वाढताना सांगत, "आमच्यापरीस हा भात जास्त फिरल्याला हाय."

हे झालं गमतीचं. आता पट्टीचं सांगते.

काम अर्धं राहिलेल्या गाडीच्या हँडलला भाऊ लाल रेक्झिनची पट्टी बांधत. पट्टी माझ्याच कातरणातली. ती असेपर्यंत गाडी रस्त्यावर जायची नाही आणि गाठ भाऊंनीच सोडायची, हा नियम होता. मालकाकडे किल्ली असली तरी हाच नियम. एका साहेबांनी वाद घातला तेव्हा भाऊ एवढंच म्हणाले, "किल्ली तुमची, गाठ माजी." साहेब दोन दिवस लोणावळ्यात राहिले.

आता मी काय केलं ते ऐका.

माझी मुलगी मुक्ता तळेगावला कंपनीत आहे. तिने अशीच एक गाडी घेतली आणि दहा जणांच्या गटाबरोबर कोकणात जायचं ठरवलं. भाऊंनी तिला डोळे मिटून बसवलं, बोटं मोजली आणि हँडल वर घेतलं. हँडल वर गेलं की पुढच्या ब्रेकचा पाईप तोकडा पडतो. सरळ जाताना काही कळत नाही. हँडल पूर्ण वळवलं की मात्र पाईप दोरीसारखा ताणला जातो. भाऊंनी मुक्ताला ते वळवून दाखवलं. "लांब पाईप शुक्रवारी येईल. तवर हिला हलवायची न्हाई." आणि पट्टी बांधली. सीटचं माप घ्यायला हँडल आपल्या जागेवर लागतं, म्हणून तशीच गाडी ढकलत माझ्या गाळ्यात आणली.

शुक्रवारी मी सीटच्या कडेला गोट लावत होते. गोट लाल. गाडीभर लाल तुकडे पडले होते, टाकीवर, आरशावर, हँडलवर. संध्याकाळी आवरताना सगळे गोळा केले. हँडलवरचा तुकडा गुंतला होता, तो ओढून सोडवला आणि सुपलीत टाकला. हात काम करत होते. डोकं दुसऱ्या दिवशीच्या मापांत होतं.

शनिवारी पहाटे मुक्ताने माझा गाळा उघडला. पट्टी नाही हे बघून पाईप बसला असं ती समजली आणि निघून गेली.

सात वाजता भाऊ आले. त्यांच्या हातात कुरियरचं पाकीट होतं.

"ताई, पाईप उशिरा आला बगा. गाडी कुटंय?"

"मुक्ता घेऊन गेली."

"पट्टी?"

मी कोपऱ्यातल्या सुपलीकडे बघितलं. भाऊंनीही बघितलं. त्यांनी पाने उचलले, आपली जुनी गाडी चालू केली आणि म्हणाले, "बसा मागं."

मी फोन लावत राहिले. गाडी चालवताना मुक्ता फोन टाकीवरच्या बॅगेत ठेवते, हे मला माहीत होतं. तरी लावत राहिले. गट लोणावळ्यात चहाला थांबणार होता आणि मग जुन्या रस्त्याने खोपोलीकडे घाट उतरणार होता. घाटातली वळणं अशी, की हँडल पूर्ण वळवावंच लागतं. तेही उतारावर, पुढचा ब्रेक दाबून.

वलवणच्या अलीकडे सुट्टीची गर्दी लागली. मुंबईच्या मोटारींची रांगच्या रांग. भाऊंनी गाडी मातीत घातली. सोळा वर्षांत मी त्यांना रस्ता सोडून जाताना बघितलं नव्हतं.

"भाऊ, माझ्या हातून—"

"आत्ता न्हाई. घट धरा."

चहाच्या टपरीवर गट नव्हता. टपरीवाला म्हणाला, "दहा-बारा मिंटं झाली. एक पोरगी बी व्हती."

मग मी फोन पिशवीत टाकला. भाऊंनी गाडी खंडाळ्याकडे दामटली. मी त्यांच्या खांद्यावरून पुढे बघत होते. प्रत्येक वळणाला आधी रस्त्याची कड बघायचे, मग रस्ता. कडेला माणसं जमलेली दिसली तर काय, याचा विचार करायचा नाही असं ठरवलं होतं. ते जमलं नाही.

घाट सुरू होतो त्याच्या थोडं आधी डाव्या हाताला मोकळी जागा आहे. तिथे माणसं जमलेली होती. दहा गाड्या उभ्या होत्या.

भाऊंनी गाडी थांबवायच्या आधीच मी उतरले. माझा पाय मुरगळला, ते नंतर घरी आल्यावर कळलं.

मुक्ता आपल्या गाडीच्या पुढच्या चाकाजवळ उकिडवी बसली होती. धडधाकट. तिने भाऊंना बघितलं आणि बोट वर केलं. "काका, इथे ओलं लागतंय. चिकट आहे."

ब्रेक ऑइल होतं. ताणून ताणून पाईप सांध्यापाशी सुटत आला होता.

"थांबलीस कशी?" मी विचारलं.

"काकांनी सांगून ठेवलंय ना. उतार दिसला की थांबायचं. हँडल डावीकडे पूर्ण, उजवीकडे पूर्ण, मग ब्रेक दाबून बघायचा. दाबला तर मऊ लागला. हे सगळे हसत होते मला."

गटाचा म्होरक्या आता हसत नव्हता. तो भाऊंना म्हणाला, "काका, तुमच्या भरवशावर आम्ही गाड्या देतो. पट्टी सोडून गाडी अशी कशी दिली?"

मी तोंड उघडलं. त्याआधी भाऊ म्हणाले, "चुकलं माजं. ध्यानात ऱ्हायलं न्हाई."

मी तोंड मिटलं. मुलगी जिवंत समोर होती, गटातली माणसं बघत होती आणि मी गप्प बसले. याला कारणं देता येतील. मी देत नाही.

गट घाट उतरून गेला. गाडी टेम्पोत घालून आम्ही परत आलो. मुक्ता टेम्पोत पुढे बसली आणि मी भाऊंच्या मागे. कार्ले आल्यावर मी विचारलं, "असं का म्हणालात?"

"पोरगी घाटाच्या तोंडावर व्हती. तवा तिला आईवर रागवायला लावायचं का? माज्यावर रागवू दे. मी शेजारचा."

त्या संध्याकाळी मी मुक्ताला सगळं सांगितलं. तिने माझ्यासमोरच फोन काढून गटाला कळवलं. मीही म्होरक्याला फोन केला. तो पुढच्या आठवड्यात आला, भाऊंपुढे उभा राहिला आणि स्वतःच गाडीवर डोळे मिटून बसला. बाकीच्यांपैकी तिघे पुन्हा आले नाहीत. एकदा पडलेला शब्द सगळीकडून उचलता येत नाही.

भाऊंनी मला कधी टोमणा मारला नाही. फक्त त्यानंतर पट्टीची गाठ ते दुहेरी मारू लागले आणि मारताना माझ्याकडे बघून म्हणत, "ताई, ही तुमच्यासाटी."

गेल्या वर्षी त्यांची नजर अधू झाली. डॉक्टरांनी काय सांगितलं ते त्यांनी कोणाला सांगितलं नाही. एका सकाळी गाळा रिकामा केला, पाने एव्हाना सुट्टीत त्यांच्याकडे काम शिकू लागलेल्या म्होरक्याला दिले आणि टाकव्याला लेकीकडे राहायला गेले. जाण्याआधी आपली जुनी गाडी ढकलत माझ्या गाळ्यात आणली, माझ्या कातरणातून एक लाल पट्टी शोधली आणि हँडलला बांधली. गाठ बोटांनी चाचपून दुहेरी मारली.

"भाऊ, हिचं काय काम राहिलंय?"

"हिचं न्हाई," ते म्हणाले. "उतार दिसंना मला."

गाडी अजून माझ्याकडेच आहे. आठवड्यातून एकदा पुसते. टाकी पुसते, आरसे पुसते, हँडलही पुसते, गाठीच्या अलीकडून आणि पलीकडून.